स्थळप्रत

माझ्या घरमालकांनी सहा वर्षांत मला एकदाही नावानं हाक मारली नाही. मी गोंदियाची, म्हणून त्यांच्या लेखी मी ‘गोंदिया’. माझ्याआधी त्या खोलीत लातूर राहून गेलं होतं आणि त्याच्याही आधी अकोला. “गोंदिया, तुमचं दूध उतू चाललंय,” असं ते दाराबाहेरून सांगायचे तेव्हा आपण अख्खं शहर गॅसवर चढवून बसलोय की काय, असं मला वाटायचं. बरं, हाक अशी आणि पुढे कायम ‘तुम्ही’. काकू पहिल्याच आठवड्यात मला ‘अगं’ म्हणायला लागल्या. काका मात्र ‘अहो’वरून एक पायरी खाली उतरले नाहीत. आमच्याकडे इतक्या अदबीनं फक्त जावयाशी बोलतात, तेही लग्नाच्या पहिल्या वर्षी.

नारायण पेठेत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. काका वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. दुकानदारांचे काटे तपासायचे, खरे असले तर मुद्रा मारायची, खोटे असले तर पंचनामा करून जप्त करायचे, ही त्यांची नोकरी. नोकरी संपली, पण खोड काही गेली नाही. लोकांच्या शोकेसमध्ये बाहुल्या असतात, ताजमहाल असतो. यांच्या शोकेसमध्ये पन्नास ग्रॅमपासून पाच किलोपर्यंतची पितळी वजनं ओळीनं उभी होती आणि दसऱ्याला त्यांची यथासांग पूजा व्हायची. बुधवार पेठेतला मिठाईवाला त्यांना लांबून येताना पाहिलं की मुकाट्यानं खोकं काट्यावरून खाली उतरवायचा. काकू सांगायच्या की बघण्याच्या कार्यक्रमात यांनी त्यांना एकच प्रश्न विचारला होता, तुमच्याकडे तराजू कुठल्या साली मुद्रांकित केलेला आहे. “आणि मी बावळटासारखी आत जाऊन बघून आले,” असं म्हणून त्या कपाळाला हात लावायच्या.

मी सामान घेऊन आले त्या दिवशी त्यांनी माझी बॅग दारातच ताणकाट्याला अडकवली. मग म्हणाले, यात तीन किलो नुसता चिवडा आहे, पुण्यात उपासमार होते असं घरच्यांना वाटतं का? मला इतका राग आला होता की दुसऱ्याच दिवशी खोली सोडायचं ठरवलं होतं. पण संध्याकाळी काकूंनी थालीपीठ दिलं आणि राहिलं ते राहिलंच.

आता कार्बनचं सांगते.

मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकती लागले होते. आमचा क्लायंट अमेरिकेतला. तिकडे वणव्यात डोंगरच्या डोंगर जळायचे, हे लोक तिथे पुन्हा झाडं लावायचे, आणि त्या झाडांनी हवेतला किती कार्बन ओढून घेतला याचा हिशोब आमच्या प्रोग्रॅमनं करायचा. मी तेव्हा विमानही जवळून पाहिलेलं नव्हतं आणि अमेरिकेतल्या जंगलाचा हिशोब करत होते. एकदा चहाच्या वेळी काकांनी विचारलं, गोंदिया, तुम्ही नक्की करता काय? मी मोठ्या ऐटीत सांगितलं, “कार्बन काढतो.”

काका उठले, कपाटातून कार्बनपेपरचं एक जुनं पाकीट घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, आमच्याही खात्यात काढायचे. आणि मग मला अर्धा तास पंचनाम्याच्या प्रती समजावून सांगितल्या. तीन कागद, मध्ये दोन कार्बन. वरची मूळ प्रत साहेबांकडे जाते. दुसरी ज्याचा काटा जप्त केला त्याला. आणि सगळ्यात खालची ती स्थळप्रत. ती कार्यालयातून कुठेही हलत नाही. मूळ प्रत हरवो, जळो, उंदीर खावोत, स्थळप्रत शाबूत असली की सगळा कागद पुन्हा उभा करता येतो. “कार्बन काढून टाकायचा असतो, स्थळप्रत जपायची असते,” असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी मान डोलावली. पुण्यात राहायचं तर मान डोलावायला शिकावं लागतं.

मग मी माझा कार्बन समजावला. तो हवेत असतो, झाड तो ओढतं, त्याचं लाकूड होतं. त्यावर त्यांनी विचारलं की त्या लाकडाचं वजन कोण करतं. मी म्हटलं, कॉम्प्युटर.

“काटा कुठला?”

“काटा नाही काका. अंदाज असतो.”

अंदाज हा शब्द त्या घरात शिवीसारखा होता. काकूंनी झटकन चहाचे कप उचलले आणि आत निघून गेल्या. काका मला बरंच काही बोलले. त्याचं सार इतकंच की झाड अमेरिकेत, बाई पुण्यात, काटा कुठेच नाही आणि वजन मात्र तयार, असला कारभार त्यांच्या हद्दीत झाला असता तर त्यांनी कंपनीला सील ठोकलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतः झाडाचं वजन करायला घेतलं. झाड होतं माझ्याच गावचं. आईनं चिवड्यात पळसपापड्या टाकून दिल्या होत्या. म्हणजे टाकल्या नव्हत्या, पडल्या होत्या, आमच्या अंगणात पळसाच्या शेंगा उडत असतात. चिवड्याच्या वजनात हे काय आलं म्हणून बघताना काकांना त्या सापडल्या आणि त्यांनी एक कुंडीत पेरली होती. तिला रोप आलं होतं. पण कुंडीसकट तोलायचं तर घरचा काटा पुरेना. बाजारातल्या काट्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. अख्ख्या पुण्यात त्यांना एकच काटा मान्य होता, तो म्हणजे रेल्वे स्टेशनावरचं ते रंगीत दिव्यांचं, गरगर चाकं फिरणारं, वजनाचं तिकीट देणारं यंत्र. कारण कधी काळी त्याच्यावर त्यांनी स्वतः मुद्रा मारली होती.

मग काय, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काका कुंडी कडेवर घेऊन रिक्षानं स्टेशनावर. फलाटाचं तिकीट काढायचं, कुंडी यंत्रावर ठेवायची, दिवे लुकलुकायचे आणि खटकन पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. पहिल्या महिन्यात पळसाला निघालं, ‘आपण मनमिळाऊ आहात, पण मित्रांपासून सावध राहा.’ दुसऱ्या महिन्यात, ‘विवाहाचा योग आहे.’ मी एकदा बरोबर गेले होते. रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईंनी मला हळूच विचारलं, यांचं काही नवसाचं आहे का? मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार, बाप्पा?

वजन काही वाढेना. पळस तसा हट्टी, आधी खाली जातो मग वर येतो. कधी काकूंनी पाणी जास्त घातलं की वजन वाढायचं, कधी विसरल्या की घटायचं. एका नोव्हेंबरात मात्र ते एकदम दीड किलोनं वाढलं. काका फलाटावरून मला कंपनीत फोन करून म्हणाले, तुमच्या अमेरिकेला कळवा. मी कळवायच्या आधी काकूंनी कबुली दिली की दिवाळीच्या जुन्या पणत्या कुठे टाकायच्या म्हणून त्यांनी कुंडीत पुरल्या होत्या. काका आठवडाभर काकूंशी फक्त कागदावर लिहून बोलले. तेही कार्बन घालून.

शेवटी एका तिकिटावर निघालं, ‘लवकरच दूरचा प्रवास घडेल.’ काकांचा भविष्यावर काडीचा विश्वास नव्हता, पण त्या यंत्रावर होता. ते म्हणाले, यंत्र म्हणतंय तर याला कुंडीत ठेवण्यात अर्थ नाही. त्या पावसाळ्यात आम्ही तो पळस खडकवासल्याच्या वाटेवरच्या एका उघड्या टेकडीवर नेऊन लावला. एक लावला म्हणून मग दुसरं झाड, तिसरं झाड. तीन वर्षांत चाळीसेक झाडं झाली. प्रत्येकाला अ‍ॅल्युमिनियमचा बिल्ला, त्यावर काकांनी आपल्या जुन्या ठशांनी ठोकलेला नंबर. पळस नंबर एक. उन्हाळ्यात ते आठवड्यातून तीनदा पाण्याचे कॅन घेऊन टेकडी चढायचे आणि कुणाला किती पाणी दिलं ते वहीत लिहायचे. वजन करता येत नाही म्हणून झाडांची उंची टेपनं मोजायचे, आणि मोजून झालं की झाडाकडे बघून हसायचे. हसताना मी त्यांना तेवढंच पाहिलंय.

मग एका मार्चमध्ये टेकडी पेटली. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं, असं कुणाला तरी वाटतं आणि कुणीतरी काडी लावतं. आम्ही गेलो तेव्हा सगळा उतार काळा पडला होता आणि काळ्या काड्यांना नंबरचे बिल्ले लटकत होते. काकांनी एकेक बिल्ला वाचला. वही उघडली, काही लिहिलं नाही, मिटली.

त्यानंतरचा महिना फार वाईट गेला. काका टेकडीवर जाईनात. शोकेसमधल्या वजनांवर धूळ बसली. एक दिवस काकू घाईघाईनं माझ्या खोलीत आल्या, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, “अगं, यांनी आज वांगी काट्याकडे न बघता आणली.” आणि त्या चक्क रडायला लागल्या. म्हणाल्या, चाळीस वर्षं लोकांनी कुठे कमी भरलंय ते शोधत हिंडले. पहिल्यांदाच काहीतरी वाढताना मोजत होते गं.

काहीतरी करायला पाहिजे म्हणून मी जे केलं ते शहाणपणाचं होतं असं म्हणवत नाही. मी आमच्या मॅनेजरांना त्या टेकडीबद्दल सांगितलं. आमचे मॅनेजर कोथरूडचे, भले गृहस्थ, पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ती लगेच मेलवर टाकायचे. मे महिन्यात क्लायंट पुण्याला येणार होता. वणव्यात जळालेली टेकडी, आपली माणसं, नवी झाडं, क्लायंटच्या हातानं पहिलं झाड; मॅनेजरांना आकाश ठेंगणं झालं. साठ टी-शर्ट आले. उंदीरमारी या परदेशी झाडाची तीनशे रोपं आली, कारण ती भराभर वाढतात आणि फोटोत हिरवी दिसतात. परवानगी ‘प्रोसेसमध्ये’ होती. उतार सपाट करून खड्डे घ्यायला जेसीबी ठरला. मी काकांना सांगितलं तेव्हा ते नुसतं “करा” म्हणाले. फक्त एवढंच म्हणाले की जेसीबी यायच्या आधी मला माझे बिल्ले काढून आणू द्या.

म्हणून त्या शनिवारी सकाळी आम्ही दोघं टेकडीवर होतो. खाली जेसीबी येऊन उभाच होता. काकांनी पिशवी उघडली आणि पळसापासून सुरुवात केली. बिल्ल्याची तार गंजली होती, त्यांनी जरा ओढली, तर ती काळी काडी कटकन मोडून हातात आली. आणि खाली, जमिनीला अगदी चिकटून, तांबूस कोवळी पानं होती. तीन.

काका गुडघ्यावर बसले. बोटानं पानं मोजली. मी म्हटलं, हो, पळसाला पानं तीनच. पुण्यात आला तरी चौथं कुठून आणणार? मग म्हटलं, आमच्याकडे तर दरसाल जंगल जळतं आणि दरसाल फुटतं, मूळ जितं असतं ना.

काका सावकाश माझ्याकडे वळले. “हे तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

आता काय सांगू? खरं तेच सांगितलं. “मला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल. पुण्याच्या माणसाला आपण काय सांगायचं?”

काका लगेच एका काडीकडून दुसरीकडे जवळजवळ रांगतच गेले. सगळ्या नाही, पण निम्म्याहून जास्त काड्यांच्या बुडाशी काही ना काही फुटलं होतं. शेवटच्या काडीपाशी उभे राहून ते एकच शब्द बोलले, “स्थळप्रत.” आणि तेवढ्यात खाली जेसीबी सुरू झाला.

मी मॅनेजरांना फोन लावला. ते म्हणाले, क्लायंट मंडेला येतोय, पिट्स आज रेडी हवेत, मी रस्त्यातच आहे. मी त्यांना पानांबद्दल सांगितलं, तर म्हणाले, पानं क्लायंटला दिसणार नाहीत, खड्डे दिसतील. हे सगळं मीच तर आणलं होतं. काका मात्र एकदम तीस वर्षांनी लहान झाल्यासारखे दिसत होते. टेकडीच्या पिशवीत त्यांचा सगळा सरंजाम कायम असायचा; त्यांनी उतारावर मधोमध सतरंजी पसरली, पिशवीतून वही काढली, तीन कागद, दोन कार्बन, बॉलपेन. मी पंच म्हणून सही करू का विचारलं, तर म्हणाले, तुम्ही कंपनीच्या नोकर, तुमचे हितसंबंध गुंतलेत, बाजूला व्हा.

पंच मिळाले. पहिला जेसीबीचा ड्रायव्हर. त्याला हाताला धरून त्यांनी पानं दाखवली, तर तो म्हणाला, “हितं तर झाडं हायती की ओ. मला म्हनले, रिकामं रान हाय.” दुसरी पंच, खालच्या वस्तीतली शेळ्या राखणारी आजीबाई. तिला सही येत नव्हती आणि शाईचं पॅड नव्हतं, म्हणून काकांनी तिचा अंगठा सरळ कार्बनपेपरवर दाबून घेतला आणि कागदावर उमटवला. पंचनाम्यात लिहिलं होतं की सदर ठिकाणी जिवंत झाडं आढळली असून ती जमिनीवर कमी भरत असली तरी जमिनीखाली पूर्ण वजनाची आहेत, सबब सदर उतार जप्त करण्यात येत आहे.

मॅनेजर धापा टाकत वर आले तेव्हा काकांनी त्यांच्या हातात शांतपणे दुसरी प्रत ठेवली. मॅनेजरांचे वडील सरकारी नोकरीत होते, आणि ज्याच्या घरात तो शब्द लहानपणापासून ऐकलेला असतो त्याची ‘पंचनामा’ वाचून काय अवस्था होते ते मी पाहिलं. खाली काकांची सही होती, हुद्दा होता, ‘निरीक्षक, वजनमापे’. त्याच्या आधी ‘सेवानिवृत्त’ हा शब्दही होता, काका खोटं कधीच लिहायचे नाहीत. फक्त बाकी सगळं त्यांनी चांगलं जोर देऊन लिहिलं होतं आणि तो एक शब्द हलक्या हातानं. मूळ प्रतीवर तो स्पष्ट दिसत होता. दुसऱ्या प्रतीवर उमटलाच नव्हता.

“सर,” मॅनेजर म्हणाले, “आता आम्ही काय करायचं?”

“पाणी घाला,” काका म्हणाले.

सोमवारी साठ टी-शर्टवाले इंजिनियर त्या काळ्या उतारावर काड्यांभोवती दगडांची आळी करत बसले होते. उंदीरमारीची रोपं परत गेली. क्लायंट आला, खाली वाकला, पानं बघितली आणि खूश झाला. त्यानं काकांना विचारलं की इथे साधारण किती कार्बन असेल. काकांनी मला भाषांतर करायला सांगितलं, “अजून वजन केलेलं नाही.” त्यावर तो इतका हसला की मॅनेजरांना वाटलं प्रमोशन पक्कं.

आमच्या प्रोग्रॅममध्ये तोवर जळालेलं झाड म्हणजे शून्य, असा नियम होता. तो मी बदलायला लावला. मूळ जिवंत आहे की नाही, हे भरायला एक रकाना वाढवला आणि त्याचं नाव ठेवलं ‘स्थळप्रत’. अमेरिकेतले लोक त्याला ‘स्टॅलप्रॅट’ म्हणतात. हे कुणा थोर शास्त्रज्ञाचं आडनाव आहे अशी त्यांची समजूत आहे. मी काही दुरुस्त केलेली नाही, काकांचा तेवढा मान झालाच पाहिजे.

त्याच रकान्यापायी कंपनीनं मला वर्षभरासाठी तिकडे पाठवलं. निघताना काकांनी माझ्या दोन्ही बॅगा तोलल्या, पावशेर मेतकूट बाहेर काढलं आणि बजावलं की विमानतळावरच्या काट्यानं जास्त दाखवलं तर ऐकून घेऊ नका, मुद्रा कुठली आहे ते विचारा.

तिथल्या एका जळालेल्या डोंगरावर आम्ही पाहणीला गेलो. मैलोन्‌मैल काळी खोडं. बरोबरचे लोक वर बघत चालले होते, मी आपली सवयीनं खाली. एका खोडाच्या बुडाशी वाकले, तर कोवळी पालवी. दुसऱ्या खोडाशीही. मला राहवेना, मी तिथूनच पुण्याला फोन लावला. म्हटलं, काका, इथेपण फुटलंय.

“किती ठिकाणी?”

“मोजलं नाही हो. पण बरंच आहे.”

“बरंच हे माप नाही, गोंदिया. मोजून मग फोन करा.” आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

मी त्या डोंगरावर उभी राहून मनातल्या मनात त्यांना जे काही बोलले ते इथे लिहिता येणार नाही. माणूस सातासमुद्रापलीकडून फोन करतो, आणि हे म्हणे माप नाही. एवढ्यात फोन वाजला. नंबर पुण्याचा. ज्या माणसानं आयुष्यात कधी परदेशी फोन लावला नव्हता, त्यानं तो लावला होता. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

“अगं,” काका म्हणाले, “पण फुटलंय ना नक्की?”

मी हो म्हटलं. फोन कानाला तसाच ठेवून मी पहिल्या खोडापाशी गेले आणि मोठ्यानं मोजायला लागले. एक, दोन, तीन.

“सावकाश मोज,” काका म्हणाले. “मी लिहून घेतोय.”